कसाट्याची फाक

जगातल्या यच्चयावत वस्तू मुळात खाण्यासाठीच आहेत, त्यातल्या काही अजून शिजायच्या राहिल्या आहेत इतकंच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. आणि हा माणूस हलवाई नव्हता की आचारी नव्हता. नाशिकच्या सराफ बाजारात वडिलोपार्जित पेढीवर बसणारा सराफ होता. ते माझे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बुटकी मूर्ती, अंगात पांढरा सदरा, कपाळावर चढवलेला चष्मा आणि त्या चष्म्याखाली कायम काहीतरी चघळत असलेला चेहरा. एकदा भर पावसाळ्यात आम्ही सगळे जीप करून इगतपुरीला गेलो होतो. दरीत ढग उतरले होते, आई हात जोडून उभी होती, बाबा कॅमेऱ्याशी झटत होते, आणि आतोबा गंभीरपणे म्हणाले, "कोणीतरी चक्का टांगलाय." पाठ धरली म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर स्वतःच्या मणक्यांकडे कौतुकाने बघत "शेवग्याची शेंग आहे हो अगदी" म्हणाले. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या वयात माणसाला स्वतः सोडून सगळ्यांचं हसू येतं, पण आतोबांचं जरा जास्तच यायचं.

पेढीवरही हेच. बाई येऊन म्हणायची, "बोरमाळ दाखवा." हे विचारायचे, "ओली बोरं देऊ की सुकी?" बिचारी गोंधळायची. मग ते खुलासा करायचे की आत लाख भरलेली, टपोरी दिसणारी ती ओली आणि भरीव सोन्याची, लहान ती सुकी. ती बाई दुसऱ्या खेपेला स्वतःच "ओली दाखवा" म्हणत यायची आणि शेजारच्या पेढीवर जाऊन तसं म्हणाली की तिथला माणूस बघतच राहायचा. गोदावरीला, म्हणजे नाशिककरांच्या गंगेला, पूर आला आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की अख्ख्या बाजाराची माल माळ्यावर चढवायची धांदल उडे. त्या धांदलीत आतोबा सर्वांत आधी स्वतःचा जेवणाचा डबा वर ठेवत. कोणी हटकलं तर म्हणत, "सोनं जड असतं, ते कुठे जातंय? वाहून जाते ती पोळी."

पण हा नुसता खादाडपणा होता असं मात्र कोणी समजू नये. आतोबांचा एक सिद्धांत होता, आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या पेढीवरून कोणाला उठता येत नसे. "मराठी बाईच्या अंगावरचे दागिने बघा," ते सांगायचे. "गळ्यात बोरमाळ. म्हणजे बोरं. पोहेहार, म्हणजे पोहे. जवाची माळ, जोंधळी पोत, चिंचपेटी. हातात गहू तोडे. कानात लवंगा. पदकाला कोयरी, म्हणजे कैरीच. बाई नटली की वाण्याचं दुकान उभं राहतं समोर. धान्य आलं, मसाला आला, आंबट आलं. आता मला सांगा, गोड कुठाय?" एवढं बोलून ते समोरच्याकडे असं बघायचे, जणू त्यानेच ते खाऊन टाकलंय. "एवढं मोठं ताट वाढलं आणि गोडाचा पदार्थ नाही. आपल्या पूर्वजांकडून ही राहिलेली गोष्ट आहे." ती आपल्या हातून व्हावी अशी त्यांची इच्छा होती. जिलबीच्या आकाराच्या पाटल्या त्यांनी करून पाहिल्या, त्यात एका गिऱ्हाइकाचा हात अडकला. अनारशाची अंगठी केली, तिच्या खसखशीत कणीक जाऊन बसायची.

या सिद्धांताला सुरुंग लावायची हिंमत एकट्या आत्यात होती. आत्या उंच, शांत आणि मोजकं बोलणारी. एकदा हे व्याख्यान रंगात आलेलं असताना ती ताक घुसळता घुसळता म्हणाली, "आणि हलव्याचे दागिने? संक्रांतीला घालतात ते?" आतोबा क्षणभर चरकले. मग म्हणाले, "ते गोडाचे दागिने. मी म्हणतोय ते दागिन्यातलं गोड. यात फरक आहे." फरक काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण हलव्याचं नाव निघालं की त्या घरात दोघंही एकमेकांकडे न बघता हसायची, कारण त्यामागे एक गोष्ट होती. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आत्याला काळी चंद्रकळा नेसवून, हलव्याच्या हारा-बांगड्यांनी मढवून पाटावर बसवलं होतं. हळदीकुंकू सुरू झालं, बायका येत राहिल्या, आणि नव्या सुनेचं लक्ष गळ्यातल्या साखरेवर. तिला गोडाचं भारी वेड. माहेरी, म्हणजे आमच्या घरी, गुळाचा डबा तिच्यामुळे वरच्या फळीवर गेला होता. संध्याकाळी सासूबाईंनी दृष्ट काढायला तिला उठवलं तर गळ्यात दोरा. नुसता पांढरा दोरा. हलवा सगळा पोटात. सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि दाराआडून डोकावणारे आतोबा त्या दिवसापासून बायकोच्या प्रेमात पडले, असं ते स्वतः सांगत. "दागिना खाणारी बायको मिळाली. सराफाला आणखी काय पाहिजे?"

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे मोत्याची. खरा मोती ओळखायची जुनी रीत अशी की तो दातावर घासून बघायचा. खरा असेल तर बारीक कचकचतो, खोटा असेल तर गुळगुळीत सरकतो. आतोबांना ही परीक्षा प्राणप्रिय, कारण धंद्यातली तोंडात घालण्याजोगी ती एकच गोष्ट होती. एकदा पंचवटीतल्या एक सोवळ्या आजी नथीसाठी मोती बघायला आल्या. आतोबांनी सवयीने मोती दाताला लावला आणि "खणखणीत आहे, आजी" म्हणून पुढे केला. आजींनी हातच मागे घेतला. "तो उष्टा झाला. उष्टं कसं घेऊ?" आतोबा म्हणाले, धुवून देतो. आजी म्हणाल्या, "धुतल्याने भांडं शुद्ध होतं, उष्टं नाही." आतोबांनी त्यावर विचार केला, आणि मला वाटतं आयुष्यात प्रथमच कोणाचं तरी म्हणणं त्यांना पूर्ण पटलं. दागिना ही खायचीच वस्तू असेल तर तीही उष्टी होणारच, यात शंका कसली? तेव्हापासून पेढीवर कायदा झाला: दाताला लागलेला मोती विकायचा नाही. ते मोती एका चांदीच्या वाटीत साठायचे. भाऊबंद सराफ त्यांना वेड्यात काढत. सगळ्या बाजाराला, आणि बाजारातून सगळ्या गिऱ्हाइकांना, आतोबांचा हा उष्ट्याचा कायदा ठाऊक होता.

इतका पक्का कायदा करणारा हा माणूस एका बाबतीत मात्र लोण्याहून मऊ होता. समोरच्या बाईचं तोंड उतरलेलं त्यांना बघवत नसे. आत्यासाठी त्यांनी हौसेने पोहेहार केला. तो घरी न्यायचा म्हणून खिशात ठेवलेला, तेवढ्यात सिन्नरची एक बाई आली, भावाच्या लग्नाला हवा तसा हार कुठेच मिळेना म्हणून रडकुंडीला आली. आतोबांचा हात खिशात गेला. मग कानातल्या लवंगा केल्या. त्या एका नव्या नवरीला आवडल्या. मग तोडे केले, ते तर ओझरच्या एका बाईंनी होणाऱ्या सुनेसाठी आत्याच्या हातातून, घरी चहा पिता पिता, काढून नेले. आतोबा दर खेपेला घरी येऊन अपराध्यासारखे उभे राहायचे. आत्या म्हणायची, "बरं झालं. तिला शोभेल." आणि पोळ्या लाटायला वळायची. मंगळसूत्र आणि काचेच्या बांगड्या, बाकी हात-गळा मोकळा. बाजारात बायका कुजबुजायच्या की सराफाच्या बायकोला बघा, अंगावर गुंजभर सोनं नाही. माझी आई तर चिडून म्हणायची, "वन्सं, तुम्ही एकदा तरी नाही म्हणा ना." आत्या म्हणायची, "ते 'घ्या' म्हणून बसलेले असतात. मग मी 'नाही' म्हटलं तर त्यांचा शब्द जातो."

असं सगळं मजेत चाललेलं असताना आत्याला साखर निघाली. डॉक्टरांनी बजावलं की गोड बंद, अगदी बंद. आत्याने घरी येऊन गुळाचा डबा शेजारणीला देऊन टाकला आणि त्याविषयी पुन्हा एक शब्द काढला नाही. आतोबांनीही जाहीर केलं की आपणही आजपासून गोड सोडलं. ते आठवडाभर टिकलं. मग एक दिवस सदरा धुवायला टाकताना खिशात पेढ्याचा कागद सापडला. आत्याने तो घडी करून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि "रोज आणा, पण घरी बसून खा. चोरून खाल्लेलं अंगी लागत नाही" एवढं म्हणाली. आतोबा घरी बसून खाऊ शकले नाहीत.

त्याच वर्षी माझ्या दादाचं लग्न झालं. नव्वदीतली लग्नं ती. जेवण झालं की कागदी बशीतून आइस्क्रीमचा कसाटा यायचा. कसाटा आला नाही तर मुलीकडच्यांनी हात आखडला असं समजायचे. गुलाबी, हिरवा, पांढरा थर, खाली केक, कडेला काजूचा चुरा. पंगतीत मी आत्याच्या शेजारी होते. तिच्या पुढ्यात बशी आली. तिने चमच्याने कडेची एक फाक कापली, चमचा उचलला, थोडा वेळ तसाच धरून त्या रंगांकडे बघितलं, आणि मग ती फाक माझ्या बशीत ठेवली. "तू खा," म्हणाली. मी खाल्ली. मला जास्तीचा कसाटा मिळाल्याचा आनंद झाला, दुसरं काही डोक्यातही आलं नाही. मान वर केली तेव्हा समोरच्या पुरुषांच्या पंगतीत आतोबा बसलेले दिसले. ते आत्याकडे बघत होते. त्यांच्या बशीतल्या कसाट्याचं पाणी होऊन धोतरावर ठिबकत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कसाट्याची चौकशी आरंभली. आतोबांच्या वरच्या मजल्यावर एक इंजिनिअर राहायचे. ते ओझरच्या विमानाच्या कारखान्यात होते म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना विमानवाले म्हणायची. ते कामानिमित्त परदेशी जाऊन आलेले. त्यांनी सांगितलं की हा आपला लग्नातला कसाटा म्हणजे नुसती नक्कल. खरा कसाटा इटलीतला. आणि अल्बम काढून इटलीतल्या एका मिठाईच्या दुकानाचा फोटोच दाखवला. काचेमागे गोल, मोठा केक. कडेने हिरवीगार पट्टी, वर दुधासारखी पांढरी साय, आणि त्या सायीवर साखरेत मुरवलेली अख्खी फळं मांडलेली. लाल चेरी, संत्र्याच्या सालीच्या कमानी, पिवळं लिंबू, जांभळं अंजीर. आतोबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. हे ते फक्त हिरा बघताना करायचे. बराच वेळ बघून म्हणाले, "अहो, हा केक नाही. हे जडावाचं काम आहे."

मग शब्दाची फोड झाली. कसाटा हा शब्द इटालियन नाहीच, असं त्यांनी सांगितलं. "कस म्हणजे आपण सोनं कसोटीवर लावतो तो. आणि आटा म्हणजे आटणी, दागिना वितळवतो ती. कस आणि आटणी. सराफ सोडून कोण ठेवेल असं नाव? इथूनच कोणी सोनार गेला असेल तिकडे, पोट भरायला." विमानवाले बिचारे सज्जन, त्यांनी वाद घातला नाही. पण मला आतोबांचा चेहरा आठवतो. इतकी वर्षं जो गोडाचा दागिना हुडकत होते तो त्यांना सापडला होता, आणि कोणासाठी करायचा तेही या वेळी पक्कं होतं. जाताना जिन्यात मला थांबवून ते म्हणाले, "हा हार तुझ्या आत्याच्या गळ्यात पडणार. मी कोणाला देत नाही. तू बघच." मी हसले. आतोबांनी 'देत नाही' म्हणणं आणि गंगेने 'वाहत नाही' म्हणणं सारखंच, असं आमच्या घरात म्हणायचे.

पुढचे कित्येक महिने त्यांचं घर म्हणजे खड्यांचा भाजीबाजार झाला होता. हिरव्या कडेसाठी पाचू, सायीसाठी बारीक मोती, चेरीला माणिक, संत्र्याच्या सालीला गोमेद, लिंबाला सुनेला नावाचा पिवळा खडा, अंजिराला जांभळा कटेला. जेवताना ताटाभोवती खडे मांडून बघायचे आणि आत्या भात वाढायच्या आधी पुन्हा पुन्हा विचारायची, "यातलं खायचं कुठलं?" भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. त्यांची थोरली वहिनी पत्रिका बघणारी. ती मुद्दाम सांगायला आली की माणिक रवीचं, गोमेद राहूचा, हे दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, एका हारात घालाल तर घरात भांडणं होतील. आतोबांनी शांतपणे विचारलं, "वहिनी, पानात मिरचीचा ठेचा आणि बासुंदी शेजारी बसतात. कधी भांडण झालं?" कारागीर बंगाली होता. त्याला वाटलं होतं खूप समजवावं लागेल. पण हे मिठाईचं काम आहे म्हटल्यावर त्याचा चेहराच उजळला, आणि खडा बसवताना "थोडा रस अजून हवा" असं तो आणि आतोबा एकमेकांना म्हणायचे ते दोघांनाच कळायचं.

संक्रांतीच्या सकाळी हार तयार होऊन घरी आला. हळदीकुंकवाच्या तयारीला मदत करायला म्हणून मी आत्याकडे गेले होते. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणलेल्या, त्या मी ताटात मांडत होते. आतोबांनी डबी उघडून आत्यापुढे धरली. मोत्यांच्या बारीक सरांना लागून खाली एक पदक, आणि ते पदक गोल नव्हतं. केकची एक फाक कापावी तसं, वर निमुळतं, खाली रुंद. खालच्या गोलाईला हिरवी कड, मध्ये मोत्यांची साय आणि तिच्यावर ती सगळी फळं, उन्हात अशी लखलखत होती की मीसुद्धा गाळण्या सोडून बघत राहिले. आत्याने हात पुसले. बराच वेळ बघून तिने विचारलं, "एवढीच फाक? बाकीचा कसाटा कुठाय?"

आतोबा म्हणाले, "बाकीचा लोकांनी खाल्ला. आत्तापर्यंत सगळ्यांना वाटतच आलो. ही तुझी फाक."

आत्याने पदर सावरून मान पुढे केली आणि आतोबांनी तो हार तिच्या गळ्यात घातला. मानेमागचा फासा त्यांना तिसऱ्या खेपेला लागला. रोज गिऱ्हाइकांचे फासे लावणारा माणूस तो.

दुपारी बायका जमल्या. आत्या काळी साडी नेसून, गळ्यात हार घालून सगळ्यांना तिळगूळ देत होती. स्वतः तोंडात घालत नव्हती, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नसावं. हळदीकुंकवात पुरुषांचं काय काम, म्हणून आतोबा स्वयंपाकघरात बसले होते, पण पडद्याखाली त्यांचे पाय दिसत होते. बायकांनी हाराचं कौतुक करून करून आत्याला हैराण केलं. आणि मग निफाडकडच्या एक द्राक्षबागायतदारीणबाई पुढे सरकल्या. पेढीच्या जुन्या गिऱ्हाईक, मनाने चांगल्या, पण मागितलं की मिळतं अशा सवयीच्या. त्यांनी पदक हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाल्या, "काकू, लय भारी हाय हो हे. माझ्या लेकीचं लगीन हाय, तिला असंच कायतरी येगळं पायजे. हाच द्या ना. तुमाला काय, घरचा सराफ, काका दुसरा करत्याल." आणि पडद्याकडे तोंड करून मोठ्याने, "काका, देता नं? तुमी कदी नाय म्हणायचे न्हाई, म्हाईत हाय मला."

पडदा हलला आणि आतोबा बाहेर आले. हातात तिळाच्या वड्यांचं ताट. त्या बाईच्या चेहऱ्यावर तो आशाळभूत, लेकीच्या लग्नाचा आनंद, आणि हा माणूस आयुष्यभर त्या एकाच चेहऱ्यापुढे हरत आलेला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे ओठ उघडले. 'घ्या' या शब्दाचा घ त्यांच्या जिभेवर आलेला मला स्पष्ट दिसला. मला एकदम त्या बाईचा, आतोबांचा, सगळ्यांचाच राग आला. ही सुद्धा फाक जाणार, आणि आत्या पुन्हा 'बरं झालं, तिला शोभेल' म्हणणार.

आत्याने त्या बाईंच्या हातातून पदक हळूच सोडवून घेतलं. ते वर उचललं, तोंडाजवळ नेलं, आणि भर हळदीकुंकवात, सगळ्या बायकांच्या देखत, त्याचं टोक दातांत धरून चावलं. अगदी खऱ्या कसाट्याला चावावं तसं.

"उष्टं झालं हो," ती म्हणाली. "आता कसं देणार? यांचा कायदा आहे."

पहिल्यांदा कोणाला हसावं की काय ते कळेना. मग निफाडच्या बाईच आधी हसल्या, पोट धरून हसल्या, आणि मग सगळी खोली. "आता काय बोलायचं, काकू," त्या म्हणाल्या. "जिंकल्या तुमी." कोणीतरी विचारलं, "कसा लागला मग कसाटा?" आत्या पदर सारखा करत म्हणाली, "गार." आतोबा मात्र ताट तसंच धरून उभे होते. हसत नव्हते. तिने आजवर त्यांच्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. आणि आज त्यांना 'नाही' म्हणायला न लावता, त्यांचाच कायदा वापरून तिने आपली फाक राखून घेतली होती. नंतर त्या बाईंच्या लेकीसाठी आतोबांनी द्राक्षांच्या घडाचा हार केला, हिरवा आणि काळा. निफाडला त्याची बरीच वर्षं चर्चा होती.

आत्या तो हार सणासुदीला घालायची. बाजारात कोणी फार निरखून बघायला लागलं की हसून म्हणायची, "उष्टा आहे." हळूहळू हा शब्द त्या दोघांतला होऊन बसला. डॉक्टरांकडून रक्ताचा रिपोर्ट वाईट आला की आतोबा म्हणायचे, "चल, कसाटा घालून फिरून येऊ," आणि दोघं गंगापूर रोडला संथपणे चालत जायची, ती पुढे, हे मागे. साखरेने मात्र आपलं काम सोडलं नाही. आधी डोळे, मग पाय, मग मूत्रपिंड. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आत्या गेली. शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं, पण गळ्यातलं पदक बोटांनी चाचपून ही चेरी, हे लिंबू असं ती बरोबर सांगायची, असं आतोबा सांगतात. आम्ही मान डोलावतो. खरं असेल किंवा नसेल, आम्हाला ते खरं हवं असतं.

तिचं सगळं झाल्यावर भाऊबंदांनी हाराचं विचारलं. तो आपल्या सुनेच्या गळ्यात, घराण्यातच राहू दे, असं थोरल्या वहिनींचं म्हणणं होतं. राहू आणि रवी तोवर बहुधा समेटाला आले असावेत. आतोबांनी एवढंच सांगितलं, "उष्टं आहे ते. परक्याला देता येत नाही." मग एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं. पेढी पुतण्याकडे गेली होती, ते खिडकीत बसलेले. डबी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "घे." मी म्हटलं, आतोबा, मी कशी घेऊ? हे आत्याचं आहे, आणि तुम्हीच म्हणता उष्टं देता येत नाही. ते म्हणाले, "घरच्यांना चालतं. आणि तू तर तिची फाक आधी एकदा खाल्ली आहेस. दादाच्या लग्नात. मी समोर होतो." मला ते आठवत होतं, पण त्यांनाही आठवतं हे मला ठाऊक नव्हतं. मी डबी उघडली. हार थोडा मळलेला, मोत्यांची साय पिवळसर झालेली. मी म्हटलं, पॉलिशला देऊ का? त्यांनी घाईने माझा हात धरला. "नको. तो घासेल. टोकाला बघ." मी पदक उन्हात धरलं. सोन्याच्या कडेला एक बारीकशी चेप होती. बावीस कॅरेटचं सोनं मऊ असतं, हे सराफाच्या नात्यात वाढूनही मला तेव्हा समजलं. तो आत्याचा दात होता.

यंदा संक्रांतीला मी हार घातला. हळदीकुंकवाला आलेल्या एका मैत्रिणीने हुबेहूब असाच करायचा म्हणून नमुन्याला मागितला, महिनाभरासाठी. सगळ्या बायका गेल्यावर मी आतोबांना फोन लावला. आता त्यांना ऐकू कमी येतं, सगळं दोनदा सांगावं लागतं. मी सांगितलं, एकजण हार मागत होती. "मग?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगितलं तिला, उष्टा आहे. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, पुन्हा सांगणार, तेवढ्यात ते म्हणाले, "अगं, त्या दिवशी ती गार म्हणाली. पण गोड लागला असेल का गं तिला? मी कधी विचारलंच नाही."

मी फोन तसाच कानाला धरला आणि दुसऱ्या हाताने पदकाचं टोक, जिथे ती चेप आहे तिथेच, दाताला लावलं. गार होतं.

"गोड आहे, आतोबा," मी म्हटलं.